गिंको आणि चिंचिला: घराघरांत मुबलक, रानात दुर्मीळ

एक झाड, एक उंदरांचा दूरचा नातलग. निसर्गसंवर्धनाच्या 'आययूसीएन' या जागतिक संघटनेच्या लाल यादीत मात्र दोघांवर एकच शिक्का आहे: 'संकटग्रस्त'.

वर्गीकरणात गिंको (गिंको बायलोबा) अगदी एकटा. तो अनावृतबीजी (ज्याच्या बिया फळात झाकलेल्या नसतात), त्याच्या गणात, कुळात, प्रजातीत (जीनसमध्ये) आज दुसरं कोणी जिवंत नाही. भाऊबंद उरलेत ते जीवाश्मांतच. त्याचे पुंयुग्मक (नर प्रजननपेशी) चक्क पोहतात, नेच्यांसारखे! १८९६ मध्ये जपानचे वनस्पती-अभ्यासक हिरासे यांनी हे पाहिलं.

लांब शेपटीच्या चिंचिलाचं (चिंचिला लॅनिजेरा) गोत मोठं. कृंतक (कुरतडणाऱ्या प्राण्यांचा) गण, चिंचिलिडी कुळ. आखूड शेपटीची चिंचिला सख्खी बहीण, विस्काचा हे दक्षिण अमेरिकेतले कृंतक चुलत भावंडं.

खरी गंमत संवर्धनात आहे. गिंको जगभर रस्त्यांच्या कडेला लावला जातो, पण त्याची नैसर्गिक वस्ती चीनच्या मोजक्या डोंगरांपुरती उरली आहे. मंदिरांच्या आवारात जपल्यामुळे तो टिकला, असं मानतात. चिंचिलाच्या नशिबी उलटंच आलं: मऊ फरपायी अँडीजमध्ये तिची बेसुमार कत्तल झाली. १९१० मध्ये तिथल्या शेजारी देशांनी शिकारबंदीचा करार केला, तोही उशिराच. आता ती पिंजऱ्यांत भरपूर आहे, रानात मात्र चिलीत तुरळक. तिथे १९८३ पासून तिच्यासाठी खास राखीव क्षेत्र आहे आणि साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टामुळे रानटी चिंचिलांच्या व्यापारावर बंदी आहे.

माझ्या मते धोका चिंचिलालाच जास्त. गिंको हजार वर्षं उभा राहू शकतो. तिला तेवढी सवड नाही.