छज्जा किती, खिडकी केवढी: शोधाची कोणती पद्धत घ्यावी?

फोंड्याला चिऱ्याच्या भिंतींचे, मंगळुरी कौलांचे घर बांधायचे आहे, त्याची एक बाजू पश्चिमेला उघडी आहे आणि छज्जे-खिडक्यांची मापे संगणकाकडून काढून घ्यावीत असे वास्तुविशारदाच्या मनात आहे. ग्रासहॉपर या आराखड्याची मापे बदलून पाहू देणाऱ्या संगणक प्रणालीमध्ये त्यासाठी चार मार्ग आहेत.

पहिला मार्ग सगळे पर्याय एकेक करून तपासण्याचा आहे. छज्ज्याची रुंदी, खिडकीची रुंदी आणि तिची जमिनीपासूनची उंची यांना प्रत्येकी 6 मापे दिली की 216 पर्याय होतात. घरातल्या उष्णतेचे गणित करणाऱ्या एनर्जीप्लस प्रणालीला दर पर्यायामागे एक मिनिट लागले, तर काम पावणेचार तासांच्या आत उरकते. चले, म्हणजे बदलत्या बाबी, 6 झाली की मात्र 46,656 पर्याय, म्हणजे 32 दिवस. लहान घराला माझ्या मते हाच मार्ग पुरतो, फक्त त्यात मिरवण्यासारखे काही नसते.

गॅलापागोस या साधनाची उत्क्रांतीय पद्धत, म्हणजे चांगल्या पर्यायांतून पिढीगणिक नवे पर्याय घडवण्याची पद्धत, एकच उद्दिष्ट मानते. उष्णता आणि उजेड यांना एका सूत्रात बांधताना कोणाला किती वजन द्यायचे हे आपणच ठरवतो. खरा निर्णय तिथेच होऊन जातो आणि तो घरमालकाला दिसत नाही.

वॉलेसी या साधनामध्ये कल्याणमय देब व सहकाऱ्यांनी 2002 मध्ये मांडलेला, अनेक उद्दिष्टे एकाच वेळी पाहणारा एनएसजीए-2 अल्गोरिदम आहे. तो एक उत्तर न देता पर्यायांची अशी रांग देतो, जिच्यात उजेड वाढवायचा तर उष्णताही सोसावीच लागते, आणि निवड मालकासमोर बसून करता येते. मात्र 50 पर्यायांच्या 100 पिढ्या म्हणजे 5,000 गणना, म्हणजे साडेतीन दिवस.

उजेडाचे गणित करणाऱ्या रेडियन्स प्रणालीची एकेक गणना दहा मिनिटे घेत असेल, तर थोड्या नमुन्यांवरून अंदाज बांधत पुढे जाणारे ओपॉसम हे चौथे साधन घ्यावे.

पावसाची झड मात्र यांपैकी कोणालाही आपोआप कळत नाही. पश्चिमेचे उतरते ऊन छज्ज्याखालून आत येतेच, म्हणून रुंद छज्ज्याचा उष्णतेला फारसा उपयोग नाही असे गणित सांगते आणि उजेडासाठी 45 सेंटिमीटरवर थांबते. जुलैत त्याच खिडकीखालची गादी भिजते. म्हणून कोणतीही पद्धत सुरू करण्यापूर्वी जुन्या गवंड्याला विचारून छज्ज्याची किमान रुंदी ठरवावी आणि त्याखालची मापे शोधातूनच वगळावीत.