क्रिप्टो रोजच्या वापरात: पैसे पाठवण्याआधीच दमायला होतं

क्रिप्टो वापरणाऱ्या पुष्कळांनी ते एक्स्चेंजवर, म्हणजे खरेदी-विक्रीच्या ऑनलाइन बाजारात, विकत घेऊन तिथेच सोडलेलं असतं. त्याला वापर म्हणणं मला जड जातं, म्हणून आधी माझी मांडणी सांगते. जपून ठेवायचं बिटकॉइन एका हार्डवेअर वॉलेटवर, म्हणजे किल्ली सांभाळणाऱ्या छोट्या वेगळ्या उपकरणावर, आहे. खर्चासाठी फोनवर लाइटनिंग (बिटकॉइनवर उभारलेलं झटपट पेमेंटचं नेटवर्क) वॉलेट आहे. त्यात, फोन हरवला तरी झोप उडणार नाही एवढीच रक्कम असते. ज्यांच्याकडून कामाचे पैसे येतात त्यांच्यातले काही जण डॉलरच्या स्टेबलकॉइनमध्ये, म्हणजे किंमत डॉलरशी बांधलेल्या नाण्यात, देतात; त्यासाठी इथेरियम या वेगळ्या साखळीचं तिसरं वॉलेट. गेले बरेच महिने हे तिन्ही नियमित वापरात आहे. भाव कुठे जाईल याबद्दल इथे काही मिळणार नाही.

मत आधीच देऊन टाकते. सांभाळणं वाटलं होतं त्यापेक्षा सोपं निघालं आणि खर्च करणं वाटलं होतं त्यापेक्षा कटकटीचं. वेगाबद्दल माझी फारशी तक्रार नाही. मला थकवतात ते निर्णय. कुठल्या नेटवर्कवरून पाठवायचं, समोरच्याचा पत्ता कुठल्या प्रकारचा आहे, फी किती लावायची, कुठल्या वॉलेटमधून काढायचं, हे सगळं दर वेळी स्वतः ठरवायचं, आणि एकदा पाठवलं की परत बोलावता येत नाही. कार्डाने पैसे देताना आपण फक्त रक्कम बघतो.

सांभाळण्याचं पाहू, कारण मी सर्वांत जास्त वेळ तिथे घातला. हार्डवेअर वॉलेटच्या आत नाणी नसतात. ती ब्लॉकचेनवरच, म्हणजे सगळ्या व्यवहारांच्या सामायिक नोंदवहीतच, असतात. उपकरणात असते सही करायची किल्ली, आणि ती बारा किंवा चोवीस शब्दांतून तयार होते. हे शब्द बीआयपी-३९ या मानकातल्या २०४८ शब्दांच्या यादीतले. यादी करणाऱ्यांनी डोकं लावलंय: इंग्रजी यादीत प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येतो, त्यामुळे धातूच्या पट्टीवर चारच अक्षरं ठोकली तरी भागतं. शेवटच्या शब्दात पडताळणीचा थोडा भाग दडलेला असतो. मनाला येतील ते बारा शब्द जोडले, तर सोळांतून एखादीच जोडणी वॉलेट स्वीकारतं. कागदावर एखादा शब्द चुकीचा उतरला असेल तर ते बहुधा इथेच पकडलं जातं. बहुधा, नेहमी नाही.

मोठी रक्कम ठेवण्याआधी मी त्यात किरकोळ रक्कम टाकली, उपकरण पूर्ण पुसलं आणि लिहिलेल्या शब्दांवरून पुन्हा उभं केलं. शिल्लक परत दिसली तेव्हा कुठे मला त्या कागदावर विश्वास बसला. बरेच जण ही पायरी गाळतात आणि मग वर्षानुवर्षं न तपासलेल्या कागदाच्या भरवशावर राहतात. शब्दांचा फोटो काढायचा नाही, ईमेलच्या मसुद्यात ठेवायचे नाहीत, क्लाउडवरच्या नोंदवहीत तर नाहीच. हे सगळेच सांगतात, म्हणून पुढे जाते.

पासफ्रेजबद्दल मात्र थांबायला हवं, कारण तिचं कौतुक जरा जास्तच होतं. शब्दांच्या जोडीला आपण आपला एक गुप्त मजकूर लावायचा; कागद चोरीला गेला तरी त्याशिवाय पैसे हलत नाहीत. कल्पना उत्तम. पण पासफ्रेज चुकीची टाकली तर 'चूक' असा संदेश येतच नाही. एखादं अक्षर लहानाचं मोठं झालं तरी निमूटपणे दुसरंच वॉलेट उघडतं, रिकामं. स्मरणशक्तीवर भिस्त असणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये. मी ती वापरते, आणि तीही लिहून ठेवलेली आहे, शब्दांपासून वेगळ्या जागी.

तीनपैकी दोन सह्या लागणारी मल्टिसिग मांडणी मी वाचून, करून पाहून सोडून दिली. संस्थेसाठी, भागीदारीसाठी ती योग्यच. एकट्या माणसासाठी मात्र गुंता वाढतो. तीनपैकी दोन किल्ल्यांचे शब्द हाती असले की वॉलेट उभं राहील असं वाटतं, तसं होत नाही. तिसऱ्याची सार्वजनिक किल्लीही लागते. म्हणजे शब्दांशिवाय ती माहितीसुद्धा प्रत्येक ठिकाणी जपायची. माझ्यामागे घरच्यांना हे सोडवता येईल का, असा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि साधी एका किल्लीची मांडणी ठेवली. त्यांच्यासाठी पत्र लिहिलंय: काय आहे, कुठे आहे, कुणाला विचारायचं आणि मुख्य म्हणजे कुणाला विचारायचं नाही. शब्द त्या पत्रात नाहीत.

उपकरणाची खरी किंमत त्याच्या छोट्या पडद्यात आहे. संगणकावर व्हायरस असला तर कॉपी केलेला पत्ता पेस्ट होताना बदलू शकतो. उपकरणाचा पडदा मात्र खरा पत्ता दाखवतो, तो वाचायचा आणि मगच बटण दाबायचं. बिटकॉइनसाठी हे चोख चालतं. इथेरियमच्या करारांवर (साखळीवर आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमवर) सही करताना कित्येकदा पडद्यावर निव्वळ अगम्य आकडे-अक्षरं येतात आणि आपण डोळे झाकून होकार देतो. हे घरगुती वापरकर्त्यांपुरतं नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये बायबिट या एक्स्चेंजचं सुमारे दीड अब्ज डॉलरचं इथर (इथेरियमचं नाणं) चोरीला गेलं, तेही मल्टिसिगमधून. सह्या करणाऱ्यांना नेहमीच्या व्यवहारासारखं दिसलं आणि प्रत्यक्षात सही भलत्याच गोष्टीवर झाली. तेव्हापासून उपकरण जे मला वाचता येईल असं दाखवत नाही, त्यावर मी सही करत नाही. त्यामुळे काही सेवा वापरता येत नाहीत. न येवोत.

आता खर्चाकडे. बिटकॉइनच्या मुख्य साखळीवर ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा एक गठ्ठा, सरासरी दहा मिनिटांनी येतो. कधी दोन मिनिटांत, कधी तासाभराने. फी रकमेवर ठरत नाही, व्यवहार किती जागा खातो त्यावर ठरते. एका इनपुटचा (म्हणजे आधी आलेली एकच रक्कम खर्चणारा) साधा व्यवहार सुमारे १४० व्हर्च्युअल बाइटचा होतो आणि पुढचा प्रत्येक इनपुट ६८ची भर घालतो. म्हणजे तुमच्याकडे छोट्या छोट्या रकमा येत राहिल्या असतील तर मोठं पेमेंट करताना त्या सगळ्या चिल्लरीची फी एकदम बसते. मी नेटवर्कवर गर्दी नसेल तेव्हा ती चिल्लर स्वतःलाच पाठवून एकत्र करते. यात एक मेख आहे: वेगवेगळ्या ठिकाणाहून आलेले पैसे एकत्र केले की ते एकाच मालकाचे आहेत हे जगाला कळतं. कामाचे पैसे आणि खाजगी देणगी एकत्र करू नयेत.

गर्दी कधी होईल ते सांगता येत नाही. २० एप्रिल २०२४ला हाविंग झालं, ब्लॉकमागचं बक्षीस ६.२५वरून ३.१२५ बिटकॉइनवर आलं, त्याच वेळी रून्स नावाची टोकन काढायची पद्धत सुरू झाली, आणि त्या दिवशी सरासरी फी १०० डॉलरच्या वर गेली. मग ओसरली. कमी फी लावल्याने व्यवहार अडकला तर फी वाढवून तोच पुन्हा पाठवता येतो. आरबीएफ म्हणतात ती सोय. हे मला वेळोवेळी उपयोगी पडलं आहे आणि दरवेळी बिनबोभाट चाललं. ही सोय नसलेलं बिटकॉइन वॉलेट घेऊच नका.

लाइटनिंगचं मात्र मनापासून कौतुक. क्यूआर कोड स्कॅन केला, सेकंदाभरात पैसे पोचले, फी नगण्य. क्रिप्टोबद्दल जे ऐकलेलं असतं ते पहिल्यांदा इथे जाणवतं. आतली भानगड पैसे घ्यायची वेळ आली की कळते. लाइटनिंगमध्ये दोघांमध्ये चॅनेल असतं आणि त्यात पैसे येण्यासाठी समोरच्या बाजूला जागा हवी. नव्या वॉलेटला ती नसते, त्यामुळे पहिली रक्कम येताना नवं चॅनेल उघडावं लागतं आणि त्याची मुख्य साखळीवरची फी त्या रकमेतून कापली जाते. कुणी हौसेने पाच डॉलर पाठवावेत आणि त्यातले बरेचसे चॅनेल उघडण्याच्या फीतच जावेत, असं होतं. किल्ल्या कंपनीकडे असलेली लाइटनिंग वॉलेट ही कटकट झाकून टाकतात. मग मात्र ते तुमचे पैसे कंपनीच्या वहीत. छोट्या रकमेसाठी मला तेही चालतं, फक्त आपण काय करतोय ते ठाऊक असावं. २०१४मध्ये माउंट गॉक्स आणि नोव्हेंबर २०२२मध्ये एफटीएक्स ही एक्स्चेंज बुडाली तेव्हा लोकांच्या पडद्यावर शिल्लक होती, पैसे नव्हते.

स्टेबलकॉइनने माझी सर्वांत जास्त सोय केली आणि सर्वांत जास्त वैतागही त्यानेच दिला. परदेशातून बँकेमार्गे पैसे येताना मध्ये बसणारे हात गेले, रविवारी रात्रीसुद्धा पैसे येतात. पण युएसडीटी (टेदर कंपनीचं स्टेबलकॉइन) इथेरियमवर वेगळं, ट्रॉन या दुसऱ्या साखळीवर वेगळं. इथेरियम आणि त्याच्या धर्तीवरच्या नेटवर्कांवर पत्ता तोच चालतो, म्हणून चुकीच्या नेटवर्कवरही पैसे आनंदाने जातात. ते स्वतःच्या वॉलेटमध्ये गेले तर शोधता येतात. एक्स्चेंजच्या पत्त्यावर गेले तर त्यांच्या मर्जीवर. शिवाय टोकन पाठवायला गॅस, म्हणजे व्यवहाराची फी, लागतो आणि तो त्या नेटवर्कच्या नाण्यात: इथेरियमवर इथर, ट्रॉनवर टीआरएक्स. खात्यात डॉलर असूनही, दुसरं नाणं नाही म्हणून ते हलवता येत नाहीत, हे कुणा नवख्याला समजावून पाहा. मार्च २०२४मधल्या डेन्कुन सुधारणेनंतर इथेरियमवर आधारलेल्या लेअर-टू, म्हणजे त्याच्यावर चढवलेल्या स्वस्त नेटवर्कांची फी काही सेंटवर आली, तेव्हापासून मी देणाऱ्यांना तीच नेटवर्कं सांगते.

'स्टेबल' हा शब्दही जपून घ्यावा. मार्च २०२३मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, सर्कल कंपनीच्या युएसडीसी या स्टेबलकॉइनचा काही राखीव निधी तिथे होता, आणि तो कॉइन काही काळ ८८ सेंटच्याही खाली उतरला. दोन-तीन दिवसांत सावरला, पण त्याच आठवड्यात कुणाचे पगार त्यात असतील तर? याशिवाय टेदर आणि सर्कल या दोन्ही कंपन्या एखाद्या पत्त्यावरची त्यांची नाणी गोठवू शकतात. माझ्याकडे ती आली की मी फार दिवस ठेवत नाही.

एक फसवणूक सारखी दिसते. माझ्या व्यवहारांच्या यादीत अनोळखी पत्त्यांवरून शून्य किंवा कणभर रकमेचे व्यवहार येऊन पडतात. पत्त्याची सुरुवात आणि शेवट अगदी मी नेहमी पाठवते त्या पत्त्यासारखा. घाईत यादीतून पत्ता कॉपी केला की पैसे चोराला. वॉलेट पत्ता मधून कापून दाखवतात, त्यामुळे चोराचं काम सोपं होतं. मी नेहमीचे पत्ते वहीसारखे वॉलेटमध्ये नावाने साठवलेत आणि यादीतून कधीच उचलत नाही.

दुकानांचं काय? डोमेन, व्हीपीएन, होस्टिंग अशा ऑनलाइन गोष्टींत अडचण येत नाही; प्रोटॉन आणि नेमचीप बिटकॉइन घेतात. त्यापलीकडे मुख्य आधार गिफ्ट कार्डांचा, म्हणजे शेवटी नेहमीच्याच पैशात रूपांतर. परताव्याची वेळ आली तेव्हा एका विक्रेत्याने आधी उत्तर द्यायलाच वेळ लावला, मग नवा पत्ता मागितला आणि रक्कम डॉलरच्या हिशेबाने दिली, नाण्यांच्या नाही. चूक म्हणता येणार नाही, पण हे खरेदीआधी कुठे लिहिलेलं नव्हतं.

दुकानदार का कचरतात, ते स्टीमच्या उदाहरणावरून नीट कळतं. खेळ विकणाऱ्या या सेवेने एप्रिल २०१६मध्ये बिटकॉइन घ्यायला सुरुवात केली आणि डिसेंबर २०१७मध्ये बंद केलं. सुरुवातीला सुमारे २० सेंट असलेली व्यवहाराची फी २० डॉलरच्या आसपास गेल्याचं त्यांनीच सांगितलं होतं. सरकारी जोर लावूनही फारसं साधलं नाही. एल साल्वाडोरने सप्टेंबर २०२१मध्ये बिटकॉइनला कायदेशीर चलन केलं, सरकारी चिवो वॉलेट उघडणाऱ्याला ३० डॉलर दिले; पुष्कळांनी ते खर्चून वॉलेटला रामराम ठोकला. जानेवारी २०२५मध्ये कायदा बदलून दुकानदारांवरची सक्ती काढली. मला यात लोकांचा अडाणीपणा दिसत नाही. डॉलर चालत असताना जास्तीचे निर्णय कोण घेईल?

कराबद्दल एवढंच, की अनेक देशांत क्रिप्टो खर्च करणं म्हणजे मालमत्ता विकणं धरतात; अमेरिकेत २०१४पासून तसंच आहे. किरकोळ खरेदीलाही घेतानाची किंमत आणि देतानाची किंमत नोंदवावी लागते. मी नोंदवते. याच एका कारणाने लाइटनिंगवरचा माझा उत्साह हळूहळू ओसरला.

सध्या चालू काय राहिलं ते सांगते. बाहेरून येणारे पैसे स्टेबलकॉइनमध्ये घेते आणि लगेच बँकेत वळवते. जपून ठेवलेलं बिटकॉइन जिथे होतं तिथेच आहे. त्या उपकरणाला महिना महिना हात लागत नाही, फर्मवेअर अपडेट करायचं असेल तेव्हा शब्द जवळ घेऊनच बसते. लाइटनिंग देणग्यांसाठी आणि ओळखीतल्यांना पैसे पाठवण्यासाठी. रोजच्या खरेदीला कार्ड.

उपकरण घ्यायचं ठरलंच, तर थेट निर्मात्याकडून घ्या, जुनं किंवा कुणाच्या हातून आलेलं नको. आणि डब्यात शब्द आधीच छापून आलेले असतील, तर ते वॉलेट दुसऱ्या कुणाचं तरी आहे. त्यात एक पैसाही न टाकता परत पाठवा.