नॉब ओढला की आवाज बदलतो, तरीही फसवणूक

ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्याला एकाच कार्यक्रमात लावणीचा पातळ, खणखणीत आवाज लागतो आणि पुढच्याच गाण्याला दणदणीत डिस्टॉर्शन. दोन गिटारी वाहून नेण्यापेक्षा एकच बनवून घ्यावी म्हणून नागपुरातल्याच एका कारागिराला ऑर्डर दिली. ठरलं होतं ते असं: ब्रिजला (तारांच्या खालच्या टोकाशी) सेमूर डंकन कंपनीचा जेबी हा पिकअप, म्हणजे तारांचं कंपन विजेत बदलणारा भाग, नेकला (दांड्याजवळ) त्यांचाच फिफ्टी-नाईन, दोन्ही हंबकर म्हणजे दोन कॉइलचे; नॉबखाली 500 के (किलोओहम) चे पॉट, आणि नॉब ओढला की हंबकरची एकच कॉइल चालू राहील (याला स्प्लिट म्हणतात) असे पुश-पुल.

गिटार देखणी आली. नेक हाताला मस्त, फ्रेटचं काम एक नंबर. माणूस लाकडातला खरंच जाणकार आहे, चोरी झाली ती मागच्या झाकणाखाली. नॉब ओढला की आवाज पातळ व्हायचा, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं.

शंका आली गणपतीच्या आधी, सीताबर्डीतल्या रिहर्सलला. हॉलमध्ये दिव्यांचे जुने डिमर. मित्राची स्ट्रॅट (एकाच कॉइलच्या, म्हणजे सिंगल कॉइल पिकअपची गिटार) सारखी गुणगुणत होती आणि माझी, नॉब ओढूनसुद्धा, गप्प. बाकीचे म्हणाले, नशीबवान आहेस! पण सिंगल कॉइल म्हटली की विजेची 50 हर्ट्झची गुणगुण आलीच. ती मारायलाच तर गिब्सनच्या सेथ लव्हरने 1955 मध्ये दोन उलट्या कॉइलचा हंबकर बनवला. स्प्लिट केल्यावर एकच कॉइल उरते, म्हणजे गुणगुण परत यायला हवी. (एकच पिकअप निवडून बघा, दोन्ही स्प्लिट एकत्र चालू असतील तर ती कधीकधी तशीही जाते.)

घरी केबल लावून जॅकवर मल्टिमीटर धरला, व्हॉल्यूम पूर्ण. जेबीचा रोध सोळा किलोओहमच्या आसपास दिसतो. माझ्या ब्रिजचा आकडा आठच्याही खाली. नॉब ओढल्यावर तो साधारण निम्मा व्हायला हवा. इथे तो उडी मारून अडीचशेजवळ गेला. झाकण उघडलं तेव्हा उलगडा झाला. पिकअपमधून जाळीची एकच वायर बाहेर आलेली. स्प्लिट करायला दोन कॉइलच्या जोडाची वायरही बाहेर लागते (सहसा चार रंगीत वायरी आणि एक उघडी असते), त्याशिवाय एक कॉइल बंद करताच येत नाही. पुश-पुलवर नुसता एक छोटा कपॅसिटर जोडला होता. तो बेस कापतो, म्हणून आवाज पातळ. मीटरचा डीसी (एकाच दिशेने वाहणारा प्रवाह) त्यातून जात नाही, म्हणून मीटरला पिकअप दिसेनासा होऊन फक्त पॉट दिसत होता, आणि तोही 250 के चा. पिकअपखाली ना कंपनीचं नाव, ना मॉडेल.

फोन केला तर उत्तर आलं, "आवाज तर बदलते ना भाऊ? मग काय प्रॉब्लेम?" बिलावर लिहिलं होतं, ‘इंपोर्टेड पिकअप, 2 नग’. मॉडेल कुठेच नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. ठरलेलं सगळं व्हॉट्सॲपवर आहे, त्याचाच आधार.

तुम्ही बनवून घेत असाल तर पिकअपचं मॉडेल आणि पॉटचे आकडे बिलावर लिहून घ्या. पिकअप बसवण्याआधी त्याच्या पाठीचा आणि वायरींचा फोटो मागा. शेवटचा हप्ता द्यायला जाल तेव्हा मल्टिमीटर खिशात असू द्या. झाकणाचे स्क्रू काढायला कोणी कां-कूं करू लागला, तर तो हप्ता देऊ नका.