हाताने रंगवलेली लोकर: निळी बिनधास्त घ्या, लाल आधी तपासा

सोलापुरात नवी पेठेतल्या एका दुकानात मिळणाऱ्या हाताने रंगवलेल्या लडीबद्दल हे लिहितोय. लडी 100 ग्रॅमची, साधारण 400 मीटर, 75 टक्के मरिनो मेंढीची लोकर, 25 टक्के नायलॉन, किंमत 1,450 रुपये. निळी-राखाडी आणि गडद लाल, अशा दोन्ही विणून आणि धुऊन पाहिल्या.

पीळ घट्ट, स्पर्श मऊ, मध्ये गाठ एकही नाही. निळीत एक टाका दौतीतल्या शाईसारखा दाट, तर पुढचे तीन भरलेल्या आभाळासारखे फिके. फार सुंदर काम आहे! लडीवरून थेट विणू नका, गुंता होतो. खुर्चीच्या पाठीला अडकवून आधी गुंडा करा. रंगाचा नंबर एकच असलेल्या दोन लड्यांतही छटा वेगळी निघते, म्हणून मोठ्या कामात दर दोन ओळींनी लडी बदला, नाहीतर स्वेटरवर मधेच पट्टा दिसतो.

लालची तक्रार आहे. विणताना बोटं गुलाबी होतात, ओला पांढरा रुमाल दाबून ठेवला की डाग पडतो. लेबलावर ‘सुपरवॉश’ लिहिलंय, पण त्याचा अर्थ एवढाच की लोकर आटून घोंगडीसारखी घट्ट होणार नाही. रंग पक्का असल्याची ती हमी नव्हे.

नवी चादर मिठाच्या पाण्यात घालायची आपली सवय इथे कामाची नाही. लोकरीवरचा हा रंग बसतो तो आम्ल आणि उष्णतेने. लडी चार ठिकाणी सैल बांधा. स्वयंपाकाला न लागणाऱ्या स्टीलच्या पातेल्यात, लिटरला दोन मोठे चमचे व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवा. मग मंद आचेवर 85 अंशांपर्यंत तापवून अर्धा तास ठेवा. उकळी नको. पातेल्यातच गार होऊ द्या. पाणी नितळ झालं तर रंग बसला. लालच राहिलं तर रंग मुळात जास्त घातलाय. तो कितीही तापवून बसत नाही, धुऊनच काढावा लागतो. या लडीचं तसंच झालं, चौथ्या पाण्याला रंग थांबला. हे काम रंगवणाऱ्याने करून द्यायला हवं होतं.

धुताना कपड्यांची नेहमीची पावडर वापरू नका. ती अल्कधर्मी असते, रंग सुटतो. ईझीसारखं लोकरीसाठीचं द्रावण, कोमट पाणी, पंधरा मिनिटं. चोळणं-पिळणं नाही. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर शेवटचं खळबळणं पिण्याच्या पाण्यात करा. मग जाड टॉवेलात गुंडाळून दाबा आणि सावलीत आडवं पसरा. सुपरवॉश ओलं असताना लांबतं, दोरीवर टाकलं तर स्वेटर गुडघ्याला टेकेल. आणि इथल्या एप्रिलच्या उन्हात तर मुळीच ठेवू नका, निळीसुद्धा विटते.