आरजी ५९, आरजी ६ की आरजी ११? घरच्या मोडेमसाठी केबल आणि कनेक्टर निवडताना

आधी मोडेमच्या मागे बघा. आटे असलेल्या गोल तोंडावर केबल फिरवून बसत असेल, तर ती कोएक्सियल केबल, आणि पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. बारीक वायर हिरव्या किंवा निळ्या चौकोनी टोकाने टक् करून आत बसत असेल, तर ते फायबर. ठाण्यात आणि नवी मुंबईत ते आता भरपूर पसरलंय. तिथे यातलं काहीच लागू नाही.

कोएक्सियल वाल्यांना दुकानात तीन नावं ऐकू येतात. तिन्ही ७५ ओहमच्या (मोडेमला जुळणारं माप हेच), फरक जाडीचा. आरजी ५९ मधली तार साधारण ०.८ मिलीमीटर, आरजी ६ मधली १ मिलीमीटर, आरजी ११ मधली १.६. तार जाड, तसा सिग्नल कमी झिजतो. १००० मेगाहर्ट्झला १०० मीटरमागे आरजी ५९ सुमारे २६ डेसिबल (सिग्नल किती झिजला याचं माप) खाते, आरजी ६ सुमारे २१, आरजी ११ सुमारे १४. (आरजी ५८ नावाची केबलही दिसायला अशीच असते, पण ती ५० ओहमची. स्वस्त मिळाली तरी मोडेमला लावू नका.)

आता हे १०० मीटरचे आकडे आपल्या घराच्या मापात आणू. नौपाड्यातला जुना वन-बीएचके असो की घोडबंदर रोडवरचा थ्री-बीएचके, डक्टपासून मोडेमपर्यंत फार तर २० मीटर. तेवढ्यात आरजी ५९ आणि आरजी ६ मध्ये फरक पडतो फक्त १ डेसिबलचा. मग आरजी ५९ का नको? कारण तिचं कवच, म्हणजे मधल्या तारेभोवतीचं धातूचं आवरण. भिंतीत आधीच घातलेल्या जुन्या आरजी ५९ मध्ये बऱ्याचदा नुसती विरळ जाळी असते, खाली फॉइल नसतं. केबलमधून मोडेमचा सिग्नल ज्या पट्ट्यात धावतो, त्याच पट्ट्यात ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झवर मोबाइलही चालतो. शेजारच्या गच्चीवर टॉवर असेल तर त्याचा नको असलेला सिग्नल विरळ जाळीतून आत शिरतो. म्हणून नवी केबल टाकायचीच असेल तर आरजी ६.

आरजी ११ घरात आणू नका. ती करंगळीएवढी जाड, ताठ, कन्सील्ड पाइपात वळत नाही, आणि तिचे कनेक्टरही वेगळे. तळमजल्यावरच्या ॲम्प्लिफायरपासून वरच्या मजल्यापर्यंत ५०-६० मीटर जायचं असेल, तर ती सोसायटीने टाकायची गोष्ट आहे.

ट्राय-शील्ड की क्वाड-शील्ड? शील्ड म्हणजे तेच कवच. ट्रायमध्ये त्याचे तीन थर, क्वाडमध्ये चार: फॉइल, जाळी, पुन्हा फॉइल, पुन्हा जाळी. समोर टॉवर असेल किंवा केबल लिफ्टच्या वायरिंगजवळून जात असेल तर क्वाड, नाहीतर ट्राय पुरते. क्वाड थोडी जाड असते, तेव्हा तिला चालणारा कनेक्टर मागून घ्या. आतली तार अस्सल तांब्याची की तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची, यावर दुकानदार बराच भाव खातात. मोडेमसाठी मुलाम्याची पुरते, कारण एवढ्या वरच्या फ्रीक्वेन्सीला सिग्नल तारेच्या पृष्ठभागावरूनच वाहतो. डिशच्या छत्रीला त्याच केबलमधून वीज पुरवायची असते, तिथे अस्सल तांबं कामाला येतं.

खरा पैसा आणि खरी काळजी कनेक्टरवर खर्च करा. हे मी अनुभवाने सांगतोय. ऐरोलीत खाडीच्या बाजूला राहतो. एका पावसाळ्यात मोडेमचं कनेक्शन रोज संध्याकाळी तुटायला लागलं. मोडेम बदलून झाला, केबलही बदलायची ठरली. शेवटी गॅलरीतला जॉइंट उघडला, तर मधली तार हिरवी पडलेली. हाताने पिळून बसवायचा कनेक्टर होता तो. जॉइंट बदलला आणि त्या दिवसापासून कनेक्शन तुटलं नाही.

पिळून बसवायचा कनेक्टर केबलच्या सालीवर आट्यांनी तग धरतो. सहज बसतो, सहज ढिला होतो आणि पाणी आत घेतो. तो तात्पुरत्या कामापुरताच. क्रिंपचा कनेक्टर पकडीने बाजूंनी दाबतात. घराच्या आत, कोरड्या जागी तो चालतो, पण दाब चहूबाजूंनी सारखा बसत नाही. कॉम्प्रेशनचा कनेक्टर टूलने लांबीच्या दिशेने दाबला जातो, केबलला गोलाकार घट्ट धरतो आणि पाणी अडवतो. खाडीची खारी हवा आणि आपला पाऊस बघता गॅलरीत, डक्टमध्ये, खिडकीबाहेर फक्त हाच. टूल विकत घ्यायची गरज नाही. केबलवाल्याच्या माणसाला फोनवरच विचारा, "दादा, कॉम्प्रेशनचं टूल आहे ना? ते घेऊनच या."

तो काम करत असताना जवळ उभे राहा. मधली तार ६ मिलीमीटर उघडी, त्यामागे ६ मिलीमीटर जाळी मागे दुमडलेली. जाळीचा एकही केस मधल्या तारेला टेकता कामा नये, नाहीतर शॉर्ट. तारेवर पांढरी पापुद्र्यासारखी साल राहिली असेल तर ती खरवडून काढायला सांगा. कनेक्टर हाताने पूर्ण फिरवून मग ११ नंबरच्या पान्याने जेमतेम पाव फेरी. आणि केबल बाहेरून घरात शिरते तिथे खाली थोडा झोळ सोडा, म्हणजे पाणी झोळावरून ठिबकतं, आत येत नाही.

स्प्लिटरचंही बघाच. दोन तोंडांचा स्प्लिटर प्रत्येक वाटेवर ३.५ डेसिबल खातो, म्हणजे सुमारे १७ मीटर आरजी ६ इतकं. हॉलमधला टीव्ही कधीच बंद करून टाकलाय, पण स्प्लिटर तसाच लटकतोय, असं असेल तर तो काढा आणि सरळ जोडा. लागणारच असेल तर त्यावर ५ ते १००० मेगाहर्ट्झ लिहिलेलं हवं. ५ पासून सुरू होणारा नसेल तर मोडेमकडून केबल कंपनीकडे जाणारा सिग्नल त्यातून नीट जात नाही. रिकामं तोंड ७५ ओहमच्या टोपीने बंद करा.

काही बदलायच्या आधी ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ टाका. बहुतेक केबल मोडेम तिथे आपले आकडे दाखवतात. येणारा सिग्नल उणे ७ ते अधिक ७ dBmV च्या (त्या पानावर ताकदीचं एकक हेच असतं) आत आणि जाणारा ५० च्या खाली असेल, तर केबलला हात लावू नका. आकडे त्याबाहेर असतील तर कागदावर लिहून ठेवा, एकेक जॉइंट बदलत जा आणि प्रत्येक वेळी तेच पान पुन्हा उघडून बघा.