कुत्रा घाबरला की तुम्ही? स्केअर, इंटिमिडेट, वीकन, डिसेबल यांतून निवडताना

'मी कुत्र्याला घाबरलो' याचं इंग्रजी कोणी 'आय स्केअर्ड द डॉग' असं केलं, तर घाबरलेला कुत्रा ठरतो. मराठीत घाबरणे आणि घाबरवणे अशी जोडी तयार आहे. इंग्रजीतली स्केअर, फ्रायटन, टेरिफाय, अलार्म ही सगळी मंडळी 'घाबरवणे'च्या बाजूची. म्हणून स्वतःची भीती सांगायची तर 'आय वॉज स्केअर्ड' म्हणायचं, आणि घाबरगुंडी उडाली तो क्षण सांगायचा तर 'आय गॉट स्केअर्ड'. पुढे 'ऑफ' आलं की भीती कायमची: 'स्केअर्ड ऑफ डॉग्ज'. 'बाय' आलं की एखाद्या कुत्र्याने तेवढ्यापुरतं घाबरवलेलं. 'आय ॲम फ्रायटनिंग' मात्र चुकूनही लिहू नका. त्याचा अर्थ मला पाहून लोक घाबरतात. 'आय डोन्ट स्केअर ईझिली', म्हणजे मी सहजी घाबरत नाही, हा या नियमातला एक रुळलेला अपवाद.

आता यांतलं कोणतं घ्यायचं? बोलताना स्केअर पुरतं. फ्रायटन किंचित लिखित वळणाचं. पाठीमागून कोणी 'भॉक' केलं तर स्टार्टल, म्हणजे निव्वळ दचकवणे. तिथे फ्रायटन लिहिलं तर जास्त होतं. अलार्ममध्ये भीतीपेक्षा धोक्याची चाहूल अधिक, कारण हा शब्द मुळात इटालियन भाषेतली 'शस्त्रं उचला' ही हाक आहे. टेरिफाय म्हणजे थरकाप. पण त्याचाच भाऊ टेरिफिक आज 'फक्कड' या अर्थाने चालतो, तेव्हा अपघाताच्या वर्णनात तो नको. आपलंही 'भयंकर आवडलं' असंच चालतं म्हणा.

खरी गल्लत होते ती थ्रेटन आणि इंटिमिडेटमध्ये, आणि तक्रारअर्जात ती महागात पडते. थ्रेटन म्हणजे धमकी देणे. अमुक केलं नाहीस तर तमुक करीन, हे शब्दांतून किंवा कृतीतून समोर ठेवणे. रचना अशी: 'ही थ्रेटन्ड टू लॉक द गेट'. इंटिमिडेट म्हणजे धाक घालून समोरच्याला नमवणे. त्यासाठी तोंड उघडावंच लागतं असं नाही. चार माणसं रोज दारात नुसती उभी राहिली तरी ते इंटिमिडेट. जबरदस्तीने सही घेतली असेल तर 'इंटिमिडेटेड मी इंटू सायनिंग' लिहा. 'टू साइन' इथे बसत नाही. कायद्यातला 'क्रिमिनल इंटिमिडेशन' मराठी अनुवादात 'फौजदारीपात्र धाकदपटशा' होतो. भारतीय दंड संहितेत त्याची व्याख्या कलम 503 मध्ये आणि शिक्षा 506 मध्ये होती. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत दोन्ही कलम 351 मध्ये आहेत. अर्जात मात्र नुसतं 'ही इंटिमिडेटेड मी' लिहून भागत नाही. नेमके शब्द काय होते आणि काय करायला भाग पाडलं, ते पुढच्याच वाक्यात हवं. विशेषण झालं की हाच शब्द निरुपद्रवी होतो: 'इंटिमिडेटिंग' इमारत कोणाला धमकावत नाही, तिच्यापुढे आपणच बुजतो.

कमकुवत करण्याच्या शब्दांत वीकन सगळ्यात सोयीचं, कारण ते दोन्ही बाजूंनी चालतं. रुपया स्वतः 'वीकन' होतो आणि तेलाचे भाव रुपयाला 'वीकन' करतात. अंडरमाइनला मात्र कर्म लागतंच. शब्दाचं मूळ किल्ल्याच्या तटाखाली खणण्यात आहे, आणि मराठीत त्याला 'सुरुंग लावणे' हा अगदी चपखल प्रतिशब्द आहे. अधिकार, विश्वास, शिस्त यांना सुरुंग लागतो. अशक्तपणासाठी हे क्रियापद नको. सॅप त्याच घराण्यातला, तटापर्यंत चर खणत नेण्यातून आलेला. खडकीच्या बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलाच्या नावातही तोच आहे. हळूहळू शक्ती किंवा उमेद शोषली जाते तिथे सॅप शोभतं.

इम्पेअर बहुतेकांना भेटतं ते रक्ताच्या रिपोर्टवर. 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर 140 ते 199 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आली, तर 'इम्पेअर्ड ग्लुकोज टॉलरन्स' म्हणतात. साखर पेलण्याची क्षमता घटली आहे, संपलेली नाही. दृष्टी, श्रवण, निर्णयशक्ती, मूत्रपिंडाचं काम यांच्या बाबतीत हाच शब्द घ्या. आजाराने सगळा माणूसच खंगला असेल तर डेबिलिटेट. काम करण्याची क्षमताच गेली असेल तर इनकपॅसिटेट. ते औपचारिक आहे, रजेच्या साध्या अर्जात जड वाटतं.

एखादी व्यवस्था कोलमडल्याची बातमी इंग्रजीत करायची तर आधी मराठी शब्द पाहा. 'विस्कळीत'ला डिसरप्ट, 'ठप्प'ला पॅरलाइज. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हाच्या मुंबईला पॅरलाइज शोभतं. लोकल 20 मिनिटं उशिरा धावल्या तर नाही. ब्रिटिश लेखनात या शब्दात 'एस' येतो, अमेरिकनमध्ये 'झेड'. क्रिपल यांच्या मधला, पण माणसासाठी तो अपमानास्पद आहे. कर्जासाठी 'क्रिपलिंग' अजून सर्रास दिसतं, तरी 'सिव्हिअर' लिहून काम भागतं. माणसाबद्दल 'पर्सन विथ डिसॅबिलिटी' लिहा. दिव्यांगांच्या हक्कांसाठीच्या 2016 च्या कायद्याच्या नावातही तेच आहे.

उरलं डिसेबल. सोय जागेवर राहते, चालत नाही, आणि सहसा परत चालू करता येते. यालाही कर्म हवं, त्यामुळे 'माय अकाउंट डिसेबल्ड' हे वाक्य अर्धवट. 'हॅज बीन डिसेबल्ड' पाहिजे. डिॲक्टिव्हेट खातं किंवा सिमकार्ड यांसारख्या, मुळात ॲक्टिव्हेट करून घेतलेल्या गोष्टींसाठी. बँकेच्या ॲपमध्ये ऑनलाइन किंवा परदेशी व्यवहारांपुढे जो खटका असतो तो डिसेबलचा, आज बंद केला तर उद्या चालू करता येणारा. कार्ड हरवल्यावर मात्र फोनवर 'प्लीज डिसेबल' म्हणून थांबू नका. 'ब्लॉक' किंवा 'हॉटलिस्ट' सांगा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. हॉटलिस्ट झालेलं कार्ड नंतर उशीखाली सापडलं तरी सहसा परत चालू होत नाही, नवं मागवावं लागतं.