सुपरमार्केटातली स्वस्त रोपे : नऊ महिने आणि एक पावसाळा काढल्यानंतर

खरेदी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली, ठिकाण रत्नागिरीजवळचे एक सवलतीचे सुपरमार्केट. गुलाब ४ (प्रत्येकी ७९ रुपये), जास्वंद ३ (५९), शेवंती २ (४९), क्रोटन २ (६९), सिंगोनियम १ (३९), जरबेरा १ (६९) आणि ‘कलमी’ अशी चिठ्ठी लावलेले लिंबू १ (९९). एकूण १४ रोपे, ९३६ रुपये. आज ऑगस्टमध्ये त्यातली ९ जिवंत आहेत. गेलेल्या पाचांत गुलाब तीन, शेवंती एक आणि जरबेरा. क्रोटन आणि सिंगोनियमबद्दल वेगळे सांगण्यासारखे काही नाही, ती कुठूनही घेतली तरी जगतात.

स्वस्त रोप वाईटच असते असे नाही. ते रोपवाटिकेतून निघते तेव्हा बहुतेक वेळा ठणठणीत असते, बिघडते ते दुकानात. ट्यूबलाइटचा उजेड, एसीची कोरडी हवा आणि पाणी घालणे हे कोणाचेच काम नसणे, यात चार-पाच दिवसांत कळ्या गळू लागतात. रोपांचा रॅक फळांना लागून असेल तर आणखी वाईट. पिकणाऱ्या केळी-सफरचंदांतून इथिलीन वायू सुटतो आणि त्याने गुलाबाच्या कळ्या व खालची पाने झडतात. म्हणून गाडी कोणत्या वारी येते ते तिथल्या कामगाराला विचारा आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी जा. आठवडाभर पडून राहिलेले रोप निम्म्या किमतीत मिळाले तरी घेऊ नका.

निवडताना फुलांकडे बघू नका. पिशवी उचलून वजन बघा, कागदासारखी हलकी लागली तर आतला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पूर्ण सुकलेला आहे. मग खोड बुंध्याशी दोन बोटांत धरून हलकेच हलवा. खुंटीसारखे डुगडुगले तर ती नुकतीच खोचलेली काडी आहे, मुळे धरलेली नाहीत. भरगच्च दिसावे म्हणून एका पिशवीत अशा तीन-चार काड्या लावलेल्या असतात, जास्वंदीत आणि शेवंतीत हे हमखास. पानाच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे दिसले तर तो पिठ्या ढेकूण. ते रोप ठेवून द्या, घरच्या सगळ्या कुंड्यांना लागण होते.

घरी आणल्यावर पहिला आठवडा सगळ्यात महत्त्वाचा, आणि बहुतेक लोक चुकतात ते इथेच. पिशवीतला माल जवळजवळ निव्वळ कोकोपीट असतो. तो एकदा कडक सुकला की वरून घातलेले पाणी कडेने निघून जाते आणि मधला गोळा कोरडाच राहतो. आपण रोज पाणी घालतो आणि रोप तहानेने मरते. उलट पावसाळ्यात तोच गोळा स्पंजासारखा पाणी धरतो आणि मुळे कुजतात. त्यामुळे ‘दुकानातली माती चांगलीच असते’ म्हणून पिशवीसकट गोळा जसाच्या तसा कुंडीत उतरवू नका.

पिशवी बादलीत बुडवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण अर्धा तास, राहू द्या. रोप ओढून काढू नका, पिशवी ब्लेडने उभी चिरा. बाहेरचा एक तृतीयांश कोकोपीट बोटांनी मोकळा करून झाडा. मुळे गोल गोल फिरलेली असतील तर गोळ्याला तीन-चार ठिकाणी सुमारे एक सेंटिमीटर खोल उभे काप द्या. नाहीतर ती वर्षभर त्याच वर्तुळात फिरतात आणि बाहेरच्या मातीत शिरत नाहीत. जरबेऱ्यासारख्या रोपांच्या गोळ्यात पांढऱ्या जाळीदार कापडाची टोपी निघते. ती कात्रीने कापून काढा, कुजायला फार वेळ लागतो.

मिश्रण : आपली तांबडी माती दोन भाग, जुने कुजलेले शेणखत एक भाग, नदीची वाळू एक भाग आणि दोन मुठी भाताचे तूस. जांभ्याची माती नुसती वापरली तर एप्रिलपर्यंत विटेसारखी घट्ट होते, तूस त्यासाठी. समुद्राची वाळू कितीही धुतली तरी नको. भोकावर सोडणाचा (नारळाच्या सालीचा) किंवा खापरीचा तुकडा ठेवा. गुलाबाला किमान १२ इंची कुंडी, जास्वंदीला १० इंची चालते. नंतर आठ-दहा दिवस पडवीच्या सावलीत ठेवून मग सकाळच्या उन्हात आणा. तीन आठवडे वरून खत नाही, कापलेल्या मुळांना ते सोसत नाही. त्यानंतर मेपर्यंत १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारे खत लिटरला दोन ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा.

आता गुलाब. गुलाब रोपवाटिकेत जंगली खुंटावर डोळा भरून (चांगल्या जातीचा डोळा बसवून) केलेले असतात आणि स्वस्त पिशवीत हा जोड बऱ्याचदा कोकोपीटमध्ये पुरलेला असतो. आपल्याकडच्या पावसात तो पुरलेला राहिला की कुजतो. कुंडीत लावताना जोड मातीच्या दोन इंच वर राहील असा बसवा. जोडाच्या खालून वेगळ्याच पानांचा, सरळसोट फुटवा आला तर तो मुळाशी धरून खेचून काढा. वरून कापला तर पुन्हा फुटतो, आणि हळूहळू चांगले झाड मरून खुंटच उरतो. चारपैकी तीन गुलाब मात्र जोडामुळे गेले नाहीत. जुलैत पानांवर काळे ठिपके पडले, आठ दिवसांत झाडे बोडकी झाली आणि फांद्या शेंड्याकडून काळ्या पडत गेल्या. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे पान सुकायलाच वेळ मिळत नाही. वाचलेले झाड पत्र्याखाली, वारा खेळेल अशा जागी होते. पडलेली पाने रोज उचलली आणि उघडीप मिळेल तेव्हा मँकोझेब हे बुरशीनाशक लिटरला दोन ग्रॅम असे फवारले. एवढे करायची तयारी नसेल तर किनारपट्टीवर हे गुलाब घेऊ नका.

जास्वंद ही या सगळ्यातली उत्तम खरेदी. फक्त एक लक्षात ठेवा. कुंडीतल्या जास्वंदीला आणि शेवंतीला ठेंगणे ठेवण्यासाठी वाढ रोखणारी संजीवके देतात. हापूसच्या बागायतदारांना पॅक्लोब्युट्राझोल माहीत आहे, हा त्यातलाच प्रकार. दोन-तीन महिन्यांत असर उतरला की झाड अचानक लांबट वाढते. ते बिघडलेले नाही. एक तृतीयांश छाटा, कडेने फुटवे येतात.

खाडीजवळ घर असेल तर फेब्रुवारीनंतर विहिरीचे पाणी मचूळ होते आणि पानांच्या कडा करपतात. अशा वेळी रोज थोडे थोडे पाणी घातले तर मीठ कुंडीतच साचते. एक दिवस सोडून, खालून निथळेपर्यंत घाला.

पावसाळ्यात कुंड्या पागोळीच्या रेषेत ठेवू नका, वरची माती उडून मुळे उघडी पडतात. प्रत्येक कुंडी चिऱ्याच्या दोन तुकड्यांवर उचलून ठेवा, म्हणजे भोक मोकळे राहते. जरबेरा गेला तो इथेच. त्याचा गड्डा मातीत बसला होता आणि मध्यावर पाणी साचून आठवड्यात कुजला. तो थोडा उंचावर लावायला हवा होता. पावसात खत वाहूनच जाते, तेव्हा टाकू नका. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला तर मॅग्नेशियम सल्फेट लिटरला दोन ग्रॅम फवारा. गोगलगायी रात्री टॉर्च घेऊन वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका, कुंडीत मीठ टाकू नका.

लिंबाबद्दल स्पष्ट सांगतो. ‘कलमी’ चिठ्ठीच्या रोपाला जोड कुठेच नव्हता, खोड मुळापासून शेंड्यापर्यंत एकसारखे, म्हणजे बहुधा बियांचे रोप. ते जगले आहे, पण फळाला वर्षे लागतील. आंबा, काजू, नारळ, चिकू ही झाडे आयुष्यभराची. त्यांत पन्नास-शंभर रुपये वाचवणे म्हणजे पुढच्या दहा वर्षांवर पाणी सोडणे. ती दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून किंवा नारळ असेल तर रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रातून घ्या, आणि लावा जूनमध्ये. सुपरमार्केटात कलमे हिवाळ्यातही दिसतात. तेव्हा लावलेल्या कलमाला मेपर्यंत हाताने पाणी द्यावे लागते.

जास्वंदीची छाटणी मात्र वाया घालवू नका. जूनच्या पहिल्या पावसात पेन्सिलीएवढ्या जाड, सहा-आठ इंचांच्या काड्या घ्या. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली द्या, वर दोनच पाने ठेवा आणि निम्मी काडी वाळू-मातीत खोचा. तीन-चार आठवड्यांत मुळे धरतात. दहा काड्या लावल्या होत्या, त्यातल्या सात फुटल्या आहेत.